नभोवाणीचा बोलता दिवस

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. सकाळच्या गाडीने मुंबईकडे निघालेल्या कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कानांकडे सहज नजर टाकली, तर जवळजवळ प्रत्येक कानात आज काही ना काही अडकवलेले दिसते. माणसे ऐकेनाशी झाली आहेत अशी ओरड करणाऱ्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे. माणसे ऐकत आहेत. कदाचित पूर्वीपेक्षा अधिक वेळ ऐकत आहेत. परंतु खांद्याला खांदा लावून उभी असलेली ही दहा माणसे दहा निरनिराळ्या गोष्टी ऐकत असतात. त्यांतील प्रत्येकाने आपली गोष्ट स्वतः निवडलेली असते, किंवा त्याच्या आधीच्या निवडीचा अदमास घेऊन एखाद्या यंत्राने ती त्याच्यापुढे ठेवलेली असते. आपण न निवडलेले असे काही दिवसभरात त्याच्या कानी पडण्याचा योग क्वचितच येतो.

नभोवाणीच्या भरगच्च दिवसाची आठवण होते ती या ठिकाणी. ही आठवण केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी काढलेली नाही. मध्यम लहरींच्या खरखरीत ऐकलेल्या त्या आवाजांना आता सोनेरी मुलामा चढवण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, पहाटेपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या श्रोत्यांसाठी निरनिराळे बोलणारी, आणि तरीही सर्वांना एकत्र ऐकू येणारी एक सार्वजनिक वाहिनी समाजाला जे देत होती, ते आज दुसरे कोणी देत आहे काय? आणि देत नसेल, तर ते हातचे जाऊ देणे आपल्याला परवडणार आहे काय?

एका दिवसाचा पट

ज्या काळी एका घरात एकच रेडिओ असे, आणि त्याचा परवाना दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन नव्याने करून घ्यावा लागे, त्या काळातील अंबरनाथच्या एखाद्या चाळीतला दिवस डोळ्यांपुढे आणावा. आगपेट्यांचा कारखाना, सरकारी शस्त्रसामग्रीचा कारखाना आणि लहानमोठे उद्योग यांच्या भोंग्यांवर चालणारी ती वस्ती. आकाशवाणीची संकेतधून वाजे आणि पाठोपाठ सकाळच्या सभेला प्रारंभ होई. भक्तिगीते होत. १९७४ सालापासून संस्कृत बातम्याही येऊ लागल्या. ‘संप्रति वार्ताः श्रूयन्ताम्’ हे शब्द ज्यांना संस्कृतचे एकही रूप चालवता येत नव्हते, अशा कितीतरी घरांत मुखोद्गत झाले. सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या आणि साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. या दोन बातमीपत्रांच्या दरम्यान अंघोळी, डबे, शाळेची दप्तरे आणि गाडीची घाई असा सारा संसार बसवलेला असे. घड्याळ लावायचे तेही रेडिओवरूनच.

दुपारी ‘वनिता मंडळ’ लागे. संध्याकाळी ‘कामगार सभा’ होई. शेतकऱ्यांसाठी हवामान, बाजारभाव, पिकांवरील रोगांची माहिती येई. कोळीबांधवांना समुद्राच्या स्थितीचा इशारा दिला जाई. रात्री एखादे भाषण, एखादी श्रुतिका, कधी मुलाखत, कधी नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेतील प्रभाकरपंत, टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनी ही तीन माणसे तर अनेकांना शेजारच्या बिऱ्हाडातील वाटत. महागाई, रांगा, कचेऱ्यांतील दिरंगाई अशा विषयांवरचा त्यांचा संवाद काही मिनिटांचाच असे. पण दुसऱ्या दिवशी गाडीत त्याची उजळणी होई.

या कार्यक्रमांचे वैशिष्ट्य त्यांच्या विविधतेत होते, हे सर्वमान्य आहे. त्या विविधतेचा खरा परिणाम मात्र वेगळ्याच ठिकाणी घडत होता. भातावरील करपा रोगाची माहिती शेतकऱ्यासाठी सांगितली जाई. ती कारखान्यातून परतलेल्या कामगाराच्या कानी पडे. भविष्यनिर्वाह निधीचे नियम कामगारासाठी सांगितले जात. ते बदलापूरच्या भातशेतकऱ्याच्या पडवीत ऐकू येत. बालसंगोपनावरचे भाषण आईसाठी असे. पाळी संपवून घरी आलेला बापही पडल्या पडल्या ते ऐके. आणि दहावीची पुस्तके पुढे घेऊन बसलेला मुलगा, खरे म्हणजे ऐकायचे नसतानाही, एखाद्या शास्त्रज्ञाचे व्याख्यान अर्धवट ऐकून ठेवी. प्रत्येक कार्यक्रम कोणा एकासाठी असे आणि तो इतरांच्या कानांवरून जाई. दुसऱ्याच्या जगण्याची अशी ओळख करून घेण्यासाठी कोणाला वेगळे कष्ट घ्यावे लागत नसत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जे साधत नाही, ते या उडत्या श्रवणातून काही प्रमाणात साधत होते.

बिनभूमीच्या भाषेचे घर

उल्हासनगरच्या संदर्भात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. या लोकांनी व्यापार नव्याने उभा केला, शाळा काढल्या, कारखाने घातले. परंतु भाषेचे काय? तमिळ भाषकाला मद्रास होते, बंगाली भाषकाला कलकत्ता होते; सिंधी भाषेला स्वतंत्र भारतात स्वतःचे राज्य नव्हते. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला, पण परिशिष्टातील नोंदीने भाषा घरात बोलती राहत नाही. आकाशवाणीवरून होणाऱ्या सिंधी कार्यक्रमांना अशा वेळी केवळ करमणुकीपलीकडचे मोल होते. ज्या भाषेच्या पायाखाली भूमी उरली नव्हती, तिला निदान आकाशात थोडी जागा मिळाली होती.

आणि याच ठिकाणी एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. दिवसाच्या प्रारंभी वाजणारी आकाशवाणीची संकेतधून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची मानली जाते. युरोपातील नाझी राजवटीच्या छायेतून निसटून १९३४ साली मुंबईस आलेला हा ज्यू मनुष्य पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागला. एका निर्वासिताने बांधलेल्या सुरांनी पुढे हजारो निर्वासितांच्या बराकींतील सकाळ उजाडली.

पूर्वसुरींचे यश आणि अपयश

मुंबईच्या नभोवाणीचा इतिहास आता शतकाच्या उंबरठ्यावर आहे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ही कंपनी खाजगी होती आणि तीन वर्षांच्या आत ती बुडाली. १९३० साली सरकारला हे काम हाती घ्यावे लागले. नभोवाणी केवळ धंदा म्हणून चालवू पाहणाऱ्यांच्या वाट्याला पहिल्याच प्रयत्नात काय आले, हे या घटनेवरून ध्यानात येते. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या काळात पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर, यशवंत देव अशी माणसे महाराष्ट्रातील केंद्रांवर नोकरी करीत होती. आपल्या पिढीतील उत्तम लेखक आणि संगीतकार सरकारी हजेरीपटावर सही करून कामगार, शेतकरी आणि गृहिणी यांच्यासाठी कार्यक्रम तयार करीत होते, ही गोष्ट आज सांगितली तर विद्यार्थ्यांना नवल वाटते.

याच काळातील एक प्रयोग आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या साह्याने, पुणे केंद्रावरून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी आठवड्यातून दोनदा शेतीविषयक कार्यक्रम ध्वनिक्षेपित करण्यात आले. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे एक श्रोतृमंडळ होते. त्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवायच्या, अशी योजना होती. कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून ही कल्पना घेतलेली होती. टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, त्यांच्या मानाने जेथे ऐकून चर्चा होत होती तेथील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडल्याचे तीत आढळून आले. ऐकण्याला चर्चेची जोड मिळाली की नभोवाणीची शाळा होते, हा धडा महाराष्ट्रातील खेड्यांनी सिद्ध करून दाखवलेला आहे.

मात्र ही एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आकाशवाणीचे दोष लहान नव्हते. नभोवाणी मंत्री असताना बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे सुई वळवली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्याला न विचारता काही चांगले ऐकवणे वेगळे आणि त्याला आवडते ते बंद करून आपल्या अभिरुचीचे डोस पाजणे वेगळे, हा भेद त्या वेळी सुटला. त्याहूनही गंभीर दोष सत्तेच्या सावलीचा. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने आकाशवाणीवरच ऐकली, आणि त्यानंतरची सुमारे एकवीस महिने सत्ताधाऱ्यांना नको ते तेथे ऐकू आले नाही. १९७८ साली वर्गीस समितीने स्वायत्ततेची शिफारस केली, १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो प्रत्यक्षात येण्यास १९९७ साल उजाडले. स्वायत्ततेचा एवढा लांब प्रवास करूनही सार्वजनिक आणि सरकारी या दोन शब्दांतील अंतर लोकांच्या मनात पुरते ठसलेले नाही, ही कबुली दिलीच पाहिजे. भाषणे कंटाळवाणी असत, भाषा पुष्कळदा भाषांतराची वाटे, आणि निवेदकाच्या शुद्ध उच्चारांत श्रोत्याच्या बोलीला फारशी जागा नसे, हेही तितकेच खरे.

आजची अवस्था

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर खाजगी एफ.एम. वाहिन्यांना वाट मोकळी झाली. परवाने देताना त्यांना स्वतःची बातमीपत्रे देण्यास मात्र मनाई करण्यात आली. परिणाम अपेक्षित असाच झाला. गाणी, जाहिराती आणि त्यांच्या मध्ये पेरलेली चुरचुरीत बडबड असा त्यांचा साचा बनला. त्यात रंजन आहे आणि त्याला कोणाची हरकत असू नये. परंतु रेडिओ म्हणजे गाणी, हे समीकरण त्यातून इतके रूढ झाले की रेडिओ विचारही करायला लावू शकतो, याची तरुणांना कल्पनाच उरली नाही.

दुसरीकडे सार्वजनिक नभोवाणीच आपला पसारा आवरता घेत आहे. नागपूरच्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून १८ मे १९८८ पासून रात्रीच्या वेळी देशभर ऐकू येणारी ‘राष्ट्रीय वाहिनी’ २०१९ च्या प्रारंभी बंद झाली. मध्यम लहरींची कित्येक प्रक्षेपके जुनी झाल्याचे कारण देऊन थांबवण्यात आली. २०२३ च्या जून महिन्यात तर पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला. सात वाजून पाच मिनिटांचे ते बातमीपत्र पुण्याहून येणार नाही, हे कळताच लोकांत अशी नाराजी उमटली की निर्णय स्थगित करावा लागला. रेडिओ आता कोण ऐकतो, असे म्हणणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर होते. पण उत्तर द्यायला लोकांना बातमीपत्र बंद पडण्याची वेळ येईपर्यंत थांबावे लागले, यातच आपल्या बेफिकिरीची साक्ष आहे.

मराठीत आज उत्तम दीर्घ मुलाखती, व्याख्याने, कथावाचन भ्रमणध्वनीवर हवे तेव्हा मिळते. आकाशवाणीच्याही वाहिन्या तेथे ऐकता येतात. मग वेगळ्या वाहिनीची गरजच काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल आणि तो रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, हवे ते मिळणे ही सोय आहे; पण आपल्याला काय हवे असायला पाहिजे, हे आधीच ठाऊक असलेल्यालाच तिचा लाभ होतो. ज्या मुलाने खगोलशास्त्र हा शब्द ऐकलेला नाही, तो त्याचा शोध कसा घेणार? दुसरे उत्तर आपल्या उल्हास नदीने दिलेले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी, जेव्हा बदलापूर ते वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस सुमारे हजार प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेव्हा या पट्ट्यातील माणसांना आपल्या सुधारलेल्या जीवनाचा ठिसूळपणा कळून आला. वीज गेली की भ्रमणध्वनीचा जीव काही तासांचा. मनोरे बंद पडले की तोही मुका. दोन घटांवर चालणारा लहानसा ट्रान्झिस्टर मात्र बोलत राहतो, अर्थात पलीकडून बोलणारे कोणी असेल तरच.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ची ‘रेडिओ ४’ ही वाहिनी ३० सप्टेंबर १९६७ पासून मुख्यतः बोलण्यालाच वाहिलेली आहे. बातम्या, नाटके, विज्ञान, स्त्रियांचे प्रश्न, विनोद, जहाजांसाठी हवामान असा तिचा दिवस असतो. तिच्यावरून होणारी ‘द आर्चर्स’ ही ग्रामीण मालिका १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली. युद्धानंतरच्या काळात शेतकऱ्यांना नव्या शेतीची माहिती द्यावी, हा तिच्या आरंभीच्या हेतूंपैकी एक होता. म्हणजे मुळात कल्पना आपल्या शेतकरी मंडळांपेक्षा फार निराळी नव्हती. फरक इतकाच की त्यांनी बोलणाऱ्या नभोवाणीला दुय्यम लेखले नाही, तिच्यासाठी पैसा आणि प्रतिभा दोन्ही राखून ठेवली. दूरचित्रवाणी आली, संगणक आला, तरी तो दिवसक्रम टिकून राहिला. आपल्याकडे दूरचित्रवाणी आली आणि रेडिओ अडगळीत गेला. त्यात काळाचा दोष अर्धा, आपला अर्धा.

काय करता येईल?

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे तिन्ही मिळून नऊ लाखांहून अधिक. त्यानंतर डोंगरांच्या पायथ्यापर्यंत इमारती चढल्या आहेत. या लाखो माणसांच्या पाण्याविषयी, गाड्यांविषयी, शाळांविषयी आणि भाषांविषयी रोज अर्धा तास शांतपणे बोलणारा एकही सार्वजनिक आवाज या पट्ट्याला नसावा, हे योग्य नाही.

त्यासाठी तीन गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत. पहिली, मुंबई केंद्राच्या मराठी आणि सिंधी बोलत्या कार्यक्रमांना एफ.एम.वर रोज ठरलेल्या वेळी पुरेसा अवकाश मिळावा. आजच्या भ्रमणध्वनींत आणि गाड्यांत मध्यम लहरी सहसा मिळत नाहीत आणि घरोघरच्या चार्जर-दिव्यांच्या खरखरीने त्या ऐकूही येत नाहीत. तेव्हा श्रोते नाहीत असे म्हणण्यापूर्वी श्रोत्यापर्यंत आवाज पोहोचवला पाहिजे. दुसरी, २००६ च्या धोरणानुसार शिक्षणसंस्थांप्रमाणेच सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी गावात २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र चालू होऊ शकते, तर तीन शहरांतील महाविद्यालयांनी एकत्र येऊन असे एक केंद्र का उभारू नये? त्यावर मराठी आणि सिंधी शेजारी शेजारी बोलतील, तर एका गावात पाऊणशे वर्षे राहूनही परस्परांची भाषा न कळलेल्या शेजाऱ्यांवर ते मोठे उपकार होतील.

तिसरी गोष्ट कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता शिक्षकांना करता येण्यासारखी आहे. आठवड्यातून एक तास वर्गात नभोवाणीवरचे एखादे भाषण किंवा श्रुतिका सर्वांनी मिळून ऐकावी. ती मुलांनी निवडलेली नसावी, आणि शिक्षकांच्या विषयातलीही असण्याची गरज नाही. मग त्यावर पंधरा मिनिटे बोलावे. १९५६ साली खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात जे केले, ते आज पंख्याखाली बसलेल्या वर्गाला जड जाऊ नये. काही मुले कंटाळतील. त्यांना कंटाळू द्यावे. एखादा मुलगा घरी जाऊन विचारील की, बाबा, करपा म्हणजे काय? या एका प्रश्नासाठी तो तास खर्ची पडला, तरी तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

नभोवाणीचा तो जुना दिवस जसाच्या तसा परत येणार नाही आणि यावा अशी इच्छाही नाही. परंतु आपल्या गाडीतील शेजारी काय काम करतो, कोणत्या भाषेत स्वप्ने पाहतो, कोणत्या चिंतेने जागा राहतो, हे अधूनमधून तरी आपल्या कानी पडावे, एवढी सोय समाजाने स्वतःसाठी राखून ठेवली पाहिजे. कल्याणहून बदलापूर अवघ्या काही स्थानकांवर आहे. तेवढ्या अंतरात एकमेकांना अनोळखी राहून उतरणाऱ्या माणसांची संख्या वाढत चालली आहे, आणि ही चिंता केवळ रेडिओच्या चाहत्यांची नाही.